काटकसर कोणाच्या ताटातून?

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्याबाहेर बहुधा थट्टेने उच्चारली जाते. येथील जुनी माणसे मात्र तिचा अर्थ निराळा लावतात. अन्यत्र नशीब फळास आले नाही तरी परभणीस परत यावे, कारण येथे थोडक्यात पोट भरते, असा तो अर्थ होय. हा अर्थ खरा धरला तरी, त्या थोडक्यात पोट भरण्याची किंमत घरातील कोणते माणूस देत आले आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला आमच्या पाहण्यात नाही. खरिपाचा माल मोंढ्यात उतरू लागला, सोयाबीनचा आणि कापसाचा भाव मनासारखा निघाला नाही, आणि उधारीच्या वह्या उघडून बसण्याची वेळ आली, म्हणजे घरोघर एकच शब्द कानी पडू लागतो. तो शब्द ‘काटकसर’. शब्द चांगला आहे. त्याच्याविरुद्ध आम्हांस काही लिहावयाचे नाही. परंतु तो उच्चारतो कोण आणि आचरावा लागतो कोणाला, याची चौकशी केल्यावाचून त्याची स्तुती करीत बसणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आजचा लेख त्या चौकशीसाठी आहे.

घरात पैसा आखडला म्हणजे खर्च कोणत्या क्रमाने कमी होतो, हे आमच्या वाचकांनी आपापल्या घरी आठवून पाहावे. प्रथम दुधाचे माप उतरते. मग फळे बंद होतात. ती बहुधा चालू नसतातच. मग भाजी एक वेळची होते, मग वरणात पाण्याचा हात सैल सुटतो. घरातील कर्ता पुरुष कामावर जावयाचा असतो, मुले वाढीची असतात, वडील माणसे दुखणाईत असतात. या सर्वांची ताटे होईपर्यंत भांड्यात जे उरेल ते गृहिणीचे. कालवण उरले नाही तर ती ठेच्यावर आणि भाकरीवर भागविते, आणि ‘मला भूकच नव्हती’ असे म्हणून पातेले घासावयास घेते. हे वाक्य आम्ही सर्वांनी आपल्या आयांच्या तोंडून ऐकलेले आहे. त्यात खोटे किती होते, हे ओळखण्याची इच्छा आम्हांस कधी झाली नाही, इतकेच.

हे केवळ भावनेने लिहिलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 या काळात, महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा 54.2 स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. त्यापूर्वीच्या फेरीत, 2015-16 साली, हेच प्रमाण शेकडा 48 होते. मधल्या काळात रस्ते झाले, हाती दूरध्वनी आले, दारी मोटारसायकली आल्या, आणि स्त्रियांच्या अंगातील रक्त मात्र कमी झाले! देशभरचा आकडा पाहिला तर त्याच पाचव्या फेरीत स्त्रियांत हे प्रमाण शेकडा 57 आणि पुरुषांत शेकडा 25 असे पडले. रक्तक्षयास मासिक धर्म, लागोपाठची बाळंतपणे, जंत अशी इतर कारणेही आहेत, हे आम्ही जाणतो. सगळा दोष पातळ वरणाचा आहे असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. तथापि जिच्या शरीरास लोहाची गरज अधिक तिच्याच ताटात अन्न उणे, अशी आमच्या घरांची रचना आहे, ही गोष्ट कोण नाकारील?

आता हिशेबाकडे वळू. वाचकांपैकी बहुतेक व्यापारी अथवा व्यापाऱ्यांच्या पेढीवर बसणारे आहेत, तेव्हा आकड्यांची भाषा त्यांस अधिक जवळची. एका आडत दुकानात काम करणारा मुनीम कल्पा. घरात तो, त्याची पत्नी, वृद्ध आई आणि शाळेत जाणारी दोन मुले. महिन्यास 18,000 रुपये हाती येतात. दूध रोज एक लिटर, दर 60 रुपये. काटकसरीचा ठराव झाला आणि दूध अर्धा लिटरवर आले; दिवसास 30, महिन्यास 900 रुपये वाचले. घरात मोठे समाधान पसरले. आता त्याच मुनिमाचा दिवस पाहा. दुकानाच्या कोपऱ्यावर चार वेळा चहा, दर वेळी 10 रुपये, महिन्याचे 1,200. तंबाखूच्या वा सुपारीच्या पुड्या, दिवसास 20 रुपये, महिन्याचे 600. मुलांनी शाळेच्या वाटेवर घेतलेली कुरकुरीत खाण्याची प्रत्येकी 10 रुपयांची एक पुडी; दोघांचे महिन्याचे 600. एकूण 2,400 रुपये झाले. दुधाचे 900 ठरावाने वाचविले गेले आणि हे 2,400 मात्र कोणत्याही ठरावास कधी आलेच नाहीत. कारण ते सुट्ट्या नाण्यांनी जातात, आणि ज्याच्या खिशातून जातात त्याला जाब विचारणारे घरात कोणी नसते. गुटख्याच्या विक्रीस या राज्यात 2012 पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे मोंढ्याच्या भिंतींकडे पाहिल्यास पाहणीशिवायही कळते.

चहाविषयी लिहिताना आम्हांस थोडा संकोच होतो, कारण हा लेखही दोन पेल्यांच्या आधाराने लिहिला जात आहे. जुन्या काळच्या काही लेखकांप्रमाणे चहास विष म्हणण्याचा आमचा विचार नाही. श्रमलेल्या माणसाने दोन घटका बसून चहा घेतला तर तो त्याचा हक्क आहे. आमचे म्हणणे इतकेच, की त्याचा चहा हक्काचा असेल तर तिचे दूधही हक्काचे मानावे, आणि कपात करावयाची असेल तर दोन्ही रकमा एकाच पानावर लिहून मग करावी.

मुनिमाचे हे उदाहरण कल्पित असले तरी त्यामागील वस्तुस्थिती कल्पित नाही. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भागातील माणशी सरासरी मासिक खर्च 4,122 रुपये आणि शहरी भागातील 6,996 रुपये निघाला. ग्रामीण भागात त्यातील शेकडा 47 खाण्यापिण्यावर जातात. विशेष ध्यानात घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. एकूण खर्चापैकी तृणधान्यांवर ग्रामीण भागात शेकडा सुमारे 5 खर्च होतात, तर पेये, उपाहाराचे आणि तयार पदार्थ यांवर शेकडा सुमारे 10, आणि शहरांत सुमारे 11. म्हणजे भाकरीच्या पिठाहून दुप्पट पैसा पुडीत आणि पेल्यात जातो. पूर्वी काटकसर म्हणजे धान्य जपणे असे समीकरण होते, आणि ते तेव्हा बरोबर होते. आज अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिकाधारकांना माणशी 5 किलो धान्य 2023 च्या जानेवारीपासून विनामूल्य मिळू लागले, त्यामुळे खर्चाचे भोक दुसऱ्याच जागी पडले आहे. आणि आम्ही अजून जुन्याच जागी ठिगळ लावीत आहो.

हे असे का होते, याचे कारण आमच्या मते एकच आहे. घराचा हिशेब लिहिला जात नाही. आश्चर्य असे की, हिशेबाच्या बाबतीत मोंढ्याइतके काटेकोर ठिकाण जिल्ह्यात दुसरे नसेल. मानवत घ्या, सेलू घ्या, परभणीचा मोंढा घ्या. कापसाच्या गाडीचे वजन, हमाली, तोलाई, आडत, सर्व पै-पैशाने लिहिले जाते. रोजमेळ जुळल्यावाचून दुकानास कुलूप लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या वह्यांस हळदकुंकू वाहून वर ‘शुभ लाभ’ लिहितात. तेच गृहस्थ दुकानाची किल्ली कडोसरीस लावून घरी आले, म्हणजे त्यांचा रोजमेळ उंबऱ्याबाहेर राहतो. घरखर्चासाठी पत्नीच्या हातावर रक्कम ठेवावयाची, ती संपली की ‘इतक्यात संपले कसे?’ असे विचारावयाचे, आणि आपल्या खिशात काय येते आणि काय जाते हे तिला कळू द्यावयाचे नाही, अशी पद्धत सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतही आढळते. ज्या भागीदारास जमेची बाजू दाखविली जात नाही आणि खर्चाच्या बाजूबद्दल मात्र जाब विचारला जातो, तो भागीदार पेढीवर एक दिवस तरी टिकेल काय? आमच्या जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. तिच्या जात्यास प्रत्यक्ष विठ्ठलाने हात लावला, अशी कथा आमच्या लेकीबाळी लहानपणापासून ऐकतात. देवास जात्याला हात लावण्यात कमीपणा वाटला नाही; आमच्या गृहस्थांस मात्र घरची वही पत्नीच्या हाती देण्यात तो वाटतो.

वही नसल्याचा दुसरा परिणाम म्हणजे उधारी. किराणा दुकानातील खाते ही गरजेच्या वेळची मोठी सोय आहे, आणि अडल्या घरास माल देणारा दुकानदार उपकारच करतो, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. परंतु खाते चालू झाले म्हणजे गिऱ्हाईकाच्या तोंडास आपोआप कुलूप लागते. भाव विचारता येत नाही, दुसऱ्या दुकानात जाता येत नाही, तेल हलके आले तरी परत नेता येत नाही. व्याज वहीत कोठे लिहिलेले नसते. ते भावात मिसळलेले असते. ज्यांस महिन्याचे वेतन मिळते त्यांनी एकदाच मन घट्ट करून एका महिन्याचा किराणा आगाऊ साठविला आणि तेथून पुढे रोखीने घेतला, तर ही बेडी तुटू शकते. मजुरी आठवड्याची असेल तर आठवड्याच्या बाजारास तोच नियम लागू करावा. दहा रुपयांची पुडी दहा वेळा आणण्यापेक्षा तेवढाच माल एकदा आणल्यास तो वजनात किती अधिक येतो, हे कोणत्याही दुकानात दोन पाकिटांवरील आकडे ताडून पाहिल्यास समजते. मात्र गरिबाने पुडी घेतली म्हणून त्याला उधळ्या म्हणू नये. त्याच्या हाती शंभर रुपये एकदम येत नाहीत, म्हणून तो दहाची पुडी घेतो. गरिबी महाग पडते ती अशी.

डाळीची गोष्ट अधिक विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण ती खास आमच्या प्रांताची आहे. तूर आमच्या शिवारात पिकते. ती निघाली की सबंध मोंढ्यात जाते, आणि चार महिन्यांनी तोच शेतकरी शहरातील दुकानातून डाळ विकत आणतो. 2024-25 च्या हंगामासाठी सरकारने तुरीचा आधारभूत भाव क्विंटलला 7,550 रुपये ठरविला होता. घरी भरडल्यावर एका क्विंटलची 65 किलो डाळ पडली असे धरल्यास ती किलोला सुमारे 116 रुपये पडते. वर चुनी आणि टरफल जनावरांस मिळते ते निराळे. बाजारात डाळ 150 रुपये असेल आणि घरास वर्षास 60 किलो लागत असेल, तर दोन हजार रुपयांच्या आसपास बचत होते. ही रक्कम डोळे दिपविणारी नाही, तरीही ती वाचवावी असेच कोणीही म्हणेल. आम्हीही तसेच म्हटले असते. परंतु आमच्यापैकी एकाच्या मातेने विचारलेला प्रश्न आम्हांस आडवा आला. ती म्हणाली, ‘भरडायची कोणी?’

या प्रश्नात काटकसरीच्या पुष्कळशा उपदेशाचा निकाल लागतो. तुरीस तेल-पाणी लावा, उन्हात वाळवा, जात्यावर भरडा, पाखडा, कळणा निराळा काढा. पापड, कुरडया, सांडगे घरी करा. येसर घरी कुटा. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवा. मासिकांतून आणि व्याख्यानांतून या सूचना येतात, आणि प्रत्येक सूचनेच्या शेवटी काही रुपये वाचलेले दाखविलेले असतात. त्या रुपयांसाठी किती तास गेले आणि ते कोणाचे, हा रकाना त्या हिशेबात नसतो. मजुरी न देता करून घेतलेल्या कामास आम्ही बचत म्हणतो, म्हणून तर बचत इतकी सोपी दिसते! जी स्त्री दिवसभर कापूस वेचून येते तिने रात्री डाळ भरडून दोन हजार वाचवावेत, असे सांगण्याचे धैर्य आम्हांस नाही. सुदैवाने येथे यंत्र उपयोगी पडते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली लहान डाळ गिरणी विदर्भात आणि बाहेरही पुष्कळ ठिकाणी चालू आहे, आणि महिलांचे बचत गटही ती चालवितात. गावात अशी एक गिरणी असेल तर घरची तूर घरीच डाळ होऊन येते, आणि भरडणाऱ्या बाईस त्याची मजुरी मिळते. करडईचेही तसेच. करडईचे तेल हे मराठवाड्याचे घरचे तेल. आमच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ नावाचा करडईचा वाणही दिला. आज तीच करडई बांधावरूनही हटत चालली आहे आणि घरात परदेशी पामतेल आले आहे. देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते, त्यामुळे दिल्लीने आयातकर वाढविला की परभणीच्या फोडणीस त्याची झळ लागते. 2024 च्या सप्टेंबरात हा अनुभव सर्वांनी घेतला. पाच-दहा घरांनी मिळून करडई घेऊन ती घाण्यावर गाळून आणण्याची जुनी रीत पुन्हा चालू करावी की काय, याचा हिशेब ज्यांच्या शेतात करडई आहे त्यांनी जरूर करून पाहावा.

सरपणाच्या बाबतीतही वरचाच प्रकार घडतो. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक गरीब घरांत गॅस पोचला. परंतु सिलिंडर महाग वाटतो म्हणून तो पाहुण्यांच्या चहासाठी राखून ठेवावयाचा आणि रोजचा स्वयंपाक पऱ्हाट्यांवर करावयाचा, असा क्रम खेड्यांत आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांतही दिसतो. पऱ्हाटी फुकट मिळते. धूर मात्र फुकट नसतो. तो तिच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, आणि डॉक्टरचे बिल येईपर्यंत कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. गॅस खरोखर वाचवावयाचा तर डाळ दोन तास आधी भिजत घालावी, भांड्यावर झाकण ठेवावे, कुकरच्या एकाच चढणीत वरण, भात आणि बटाटे उरकावेत, आणि घरातील सर्वांनी एका वेळी जेवावे. दोनदा-तीनदा अन्न गरम करण्यात किती गॅस जातो हे पाहिले, तर एकत्र जेवण्याचा लाभ दिसतो. आणि एकत्र जेवणाऱ्या घरात सर्वांच्या ताटांत काय पडले आहे हेही दिसते. आम्हांस दुसरा लाभ पहिल्याहून मोठा वाटतो.

अन्नाच्या बाबतीत स्वस्त आणि सकस या दोन गोष्टी आमच्या मातीत एकत्र नांदत आल्या होत्या. ज्वारीची भाकरी, करडईची कोवळी भाजी, अंबाडी, तांदुळजा, घोळ, वर मूठभर शेंगदाण्यांचा कूट. 1972 च्या दुष्काळात परदेशची लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेल्या पिढीस शिवारातील पांढऱ्या ज्वारीचे मोल सांगावे लागत नसे. पुढे सोयाबीन आले, ज्वारीचे रान आटले, आणि गव्हाची पोळी ही प्रतिष्ठेची खूण ठरली. आता शहरातील सुखवस्तू मंडळी वैद्याच्या सल्ल्याने भाकरीकडे वळत आहेत, आणि गरीब मनुष्य पाहुण्यासमोर भाकरी वाढावयास लाजतो! येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने 2018 साली ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीहून अधिक आहे. ज्या जिल्ह्याचे नाव त्या वाणास मिळाले त्या जिल्ह्याच्या मोंढ्यात तो निराळा मागून घेणारी गिऱ्हाइके किती, असे आम्ही धान्याच्या व्यापाऱ्यांस विचारू इच्छितो. भाजीवर लिंबू पिळले अथवा ताटात आवळा असला तर अन्नातील लोह शरीरास अधिक लागते, आणि जेवणावर लगोलग चहा घेतल्यास ते कमी लागते. तेव्हा निदान जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलावा. यास पैसा लागत नाही.

लग्नखर्चाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. वर सांगितलेल्या मुनिमाने अर्धा लिटर दूध तोडून वर्षास 10,800 रुपये वाचविले, आणि मुलीच्या लग्नात मंडप, पंगती, मानपान आणि कर्णकर्कश वाद्ये यांवर पाच लाख घातले, तर ते शेचाळीस वर्षांचे दूध झाले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 साली, स्थापनेच्याच वर्षी, अत्यंत अल्प खर्चात विवाह लावून दाखविला. गाडगे महाराज 1956 साली देह ठेवीपर्यंत, कर्ज काढून सण आणि लग्न करू नका असे गावोगाव सांगत फिरले. परंतु या विषयात एक सावधगिरी ठेवली पाहिजे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून रोखे जाळले. त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने, शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणास लग्नकार्याचा खर्च कारण आहे या समजुतीस वाजवीहून अधिक महत्त्व मिळाले आहे, असा अभिप्राय दिला. म्हणजे गरिबास उधळ्या ठरविण्याची खोड दीडशे वर्षांपूर्वीचीच आहे. पिकास भाव नाही, पाऊस वेळेवर नाही, व्याज मात्र वेळेवर. अशा स्थितीत केवळ काटकसरीने कोणी सावकारी पाशातून सुटेल, असे आम्ही लिहिणार नाही. ज्याच्या घरी कमी करण्यासारखे काही उरलेलेच नाही, त्याच्यासाठी हा लेख नाही. ज्यांच्या घरी आहे, आणि जे चुकीच्या ताटातून कमी करतात, त्यांच्यासाठी तो आहे.

अलीकडे सावकाराची जागा बऱ्याच अंशी आठवड्याच्या हप्त्यांनी घेतली आहे. लहान कर्जे देणाऱ्या कंपन्या स्त्रियांच्या नावे कर्ज देतात; पैसा पुष्कळदा बोअरच्या मोटारीत, मोटारसायकलीत अथवा जुन्या देण्यात जातो, आणि वसुलीच्या बैठकीस मात्र तीच स्त्री बसते. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2022 पासून लागू केलेल्या नियमांप्रमाणे, वार्षिक 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास अशी विनातारण कर्जे देताना, सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. नियम चांगला आहे. पण मासिक उत्पन्न किती, हे ज्या घरातच कोणी लिहून ठेवलेले नाही, तेथे प्रतिनिधी जो आकडा भरील तो खरा. 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये अनेक स्त्रियांच्या खात्यावर जमा होऊ लागले, तेव्हा ते कोठे जातात याची चर्चा चावडीपासून विधिमंडळापर्यंत झाली. पुरुषाच्या खिशातील 1,500 रुपयांची अशी जाहीर चर्चा झाल्याचे आमच्या स्मरणात नाही. ती रक्कम हप्त्यात जाण्यापूर्वी तिच्या स्वतःच्या दुधात आणि डाळीत गेली, तर ती उधळपट्टी झाली असे निदान आम्ही तरी म्हणणार नाही.

‘बायकांस हिशेब काय कळतो?’ असा आक्षेप अजूनही ऐकू येतो. 1975 साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळापासून पुढे राज्यात बचत गटांचे जे जाळे पसरले, त्यातील गटांच्या वह्या खेड्यांतील स्त्रियाच लिहितात. वर्गणी, अंतर्गत कर्ज, व्याज, शिल्लक, सर्व बैठकीत वाचून दाखविले जाते आणि सर्वांच्या सह्या होतात. फार शिकलेल्या नसलेल्या बायका दहा घरांचा हिशेब चोख ठेवतात; त्यांस आपल्या एका घराचा ठेवता येणार नाही, हे म्हणणे कोणास पटेल?

आमची सूचना साधी आहे. चाळीस-पन्नास रुपयांची एक वही आणावी. डाव्या पानावर घरात आलेला प्रत्येक रुपया, मग तो वेतनाचा असो, शिवणकामाचा असो, की सरकारी योजनेचा. उजव्या पानावर गेलेला प्रत्येक रुपया, त्यात कोपऱ्यावरचा चहा आणि तंबाखूची पुडी धरून. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे किंवा मुलाकडे द्यावे. त्यांचे गणितही सुधारेल. पहिल्या महिन्यात काहीएक कमी करू नये, केवळ लिहावे. महिनाअखेर वही सर्वांसमोर वाचावी, आणि मग कपात सुचविण्याचा पहिला मान त्या घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीस द्यावा. दुकानदार बंधूंनी आपल्या बाजूने इतके करावे की, खात्यावर माल देताना वजन आणि भाव लिहिलेली चिठ्ठी मालाबरोबर घरी पाठवावी, म्हणजे दोन्ही वह्या ताडून पाहता येतील. येत्या लक्ष्मीपूजनास दुकानाच्या वह्या पाटावर मांडल्या जातील, तेव्हा त्यांच्या शेजारी ही वहीही मांडावी, आणि तिच्यावरील पहिली रक्कम दुधाची लिहावी.